मिटलेली तोंडं

फार जुनी गोष्ट. समुद्राएवढ्या एका तळ्यात मासोळ्या आपली पिल्लं तोंडात सांभाळत आणि ती मोठी होईपर्यंत उपाशी राहत. चितळी अशीच वाळली होती. शेजारची निळी मात्र पिल्लं नसल्याने शेवाळ खाऊन गुबगुबीत झालेली. ती दिसली की चितळी मनातून जळायची.

"चितळे, नुसता काटा उरलाय गं तुझा," निळी एकदा हसली.

चितळीला राहवलं नाही. "पोरं नाहीत म्हणून खातेस," ती म्हणाली, आणि उघडल्या तोंडातून पिल्लं बाहेर सांडली.

दबा धरलेली मरळ झेपावली. चितळी आणि निळी, दोघींनी धावून पिल्लं तोंडात घेतली.

मरळ गेली, तरी निळीने तोंड उघडलं नाही. पुढे कितीतरी दिवस तिने शेवाळ चाखलं नाही. तिचेही काटे दिसू लागले, तेव्हा चितळीचं जळणं थांबलं.