शूर माणसांचं पाणी

झरेवाडीच्या झऱ्यावर एक राक्षस ठाण मांडून बसला आणि गावाचं पाणी तुटलं. "शूर माणूस पाठवा, मी ऐऱ्यागैऱ्याला खात नाही!" असं तो तोऱ्यात गर्जायचा. गावाने विणकराच्या हैबतीला पुढे ढकललं, कारण त्याच्या नावात तरी हैबत होती. एरवी पोरगा उंदराला बघून माळ्यावर चढायचा.

हैबती झऱ्यापाशी गेला. राक्षसाने त्याला चिमटीत उचललं.

"काय रे, तूच का गावातला सगळ्यात शूर?"

"नाही हो महाराज, मी पक्का भित्रा आहे. कुणालाही विचारा."

राक्षसाने तोंड वाकडं केलं. "मग शूर माणसं गेली कुठे?"

भीतीतही हैबतीचं डोकं चाललं. "महाराज, ती याच पाण्यावर पोसली जायची. तुम्ही झरा अडवलात आणि अख्खं गाव माझ्यासारखं झालं."

राक्षस ओशाळला. त्याने हैबतीला अलगद खाली ठेवलं, झरा सोडला आणि शूर माणूस तयार होण्याची वाट बघत पलीकडच्या डोंगरावर जाऊन बसला. दर दिवाळीला तो तिथून ओरडून विचारतो, "झाला का रे एखादा तयार?"

आणि सगळं गाव, पैलवानांसकट, एका सुरात ओरडतं, "अजून नाही हो, महाराज!"