येसबाचा दिवस

बसा. पाय आत घ्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट ठेवा. आणि मधेच "मग पुढं काय झालं" म्हणून विचारायचं नाही. मी सांगतोच आहे.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची? आपल्या वेशीवरचा पिंपळ आहे ना, तो तेव्हा एवढासा होता, की एखाद्या बकरीनं तोंड घातलं असतं तर संपला असता. तेव्हा या करंजखोलात येसबा नावाचा कुंभार राहत होता. कुंभार होता आणि शिकारी होता. आणि शिकारी असा, की साऱ्या डोंगरपट्ट्यात तसा दुसरा झाला नाही, असं म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, कुंभाराचं शिकारीत काय काम? ऐका. त्या काळी आपल्या डोंगरावर नाचणी आणि वरी पिकायची, दुसरं काही नाही. कणसं भरायला लागली की रानडुकरं उतरायची. एक कळप आला की एका घराचं वर्षाचं अन्न लोळवून जायचा. म्हणून शिकार. हौस म्हणून नव्हे हो! हौसेची शिकार राजेरजवाड्यांची. त्यांच्याकडं घोडे, बारूद आणि हाकारायला दुसऱ्याची माणसं. आमच्या गावाकडं काय होतं? भाले, कुत्री आणि ओरडायला घसे. पाटलाच्या घरचं शिंग वाजलं की घरटी एक माणूस हाकाऱ्याला निघायचा. ओरडत, डबडी वाजवत डुक्कर जाळीतून बाहेर काढायचं, आणि समोर भालेवाल्यांनी उभं राहायचं. त्यातला पहिला भाला येसबाचा.

पहिला भाला म्हणजे चेष्टा नाही. डुक्कर सरळ अंगावर येतं, आणि ते हाताच्या अंतरावर येईपर्यंत हलायचं नाही. आधी हललात तर मेलात. येसबा हलत नसे.

पण त्याची खरी करामत कानात होती. मडकं भाजून निघालं की कुंभार ते बोटानं वाजवून बघतो. पक्कं असेल तर खणखणतं, तडा असेल तर बद्द वाजतं. येसबानं लहानपणापासून तेच केलं, आणि कान इतका तयार झाला, की तो जमीनच वाजवायला लागला. मडकी थापायची लाकडी थापी त्याच्या कमरेला असायची. ती जमिनीवर आपटायची, कान टेकवायचा आणि सांगायचं, "वरच्या करवंदीच्या जाळीत हाय. एकलंच हाय. डाव्या मागच्या पायानं लंगडतंय." आधी लोक पोट धरून हसले. मग जाळीतून एकटं डुक्कर लंगडत निघालं, तेव्हा त्यांची तोंडं बंद झाली. असं म्हणतात की पुढं पुढं तो डुकराच्या पोटात नाचणी आहे का कंदमुळं, तेही सांगायचा. मी पाहिलेलं नाही. पण माझ्या आज्यानं शपथेवर सांगितलंय, आणि माझा आजा खोटं फक्त आजीशी बोलायचा.

शिकार झाली की वाटे पडायचे. हाकाऱ्याला एक वाटा. कुत्र्याला एक वाटा, तोही माणसाएवढाच. ज्या घरात बाई पोटुशी, तिथं दोन वाटे, एक तिचा आणि एक यायच्या जिवाचा. आणि पहिला भाला ज्याचा, त्याला मुंडकं. ते टोपलीत घालून, हळदीकुंकू लावून, वाजत गाजत त्याच्या दारात न्यायचे. येसबाच्या दारात अशी किती मुंडकी गेली, त्याला गणती नाही.

वा रे मान! पण मुंडकं किती दिवस पुरतं? दोन जेवणं. तिसऱ्या दिवशी काय खायचं?

तिथंच तर गावानं माती खाल्ली. गावाची रीत अशी होती, की कुंभारानं वर्षभर घरोघरी मडकी द्यायची आणि सुगीला प्रत्येकानं खळ्यावर त्याला धान्य द्यायचं. आता बघा. येसबा चाकावर बसलाय, गोळा वर चढलाय, आणि शिंग वाजलं. उठला, भाला घेतला, गेला. मागं गोळा बसला. वाळत घातलेली मडकी कुणी फिरवली नाहीत, उन्हानं एका अंगाला तडकली. शिकारीचे दिवस आणि मडकी भाजायचे दिवस एकच, दसऱ्यानंतरचे. मग मडकी कमी पडायची. आणि खळ्यावर लोक म्हणायचे, "येसबा, अवंदा माझ्या घरी दोनच मडकी आली की रं. मग धान्य कशाचं मागतोस? आणि तुला काय कमी? मुंडकं तर दर खेपेला तूच नेतोस!"

डुकरासमोर न हलणारा तो माणूस खळ्यावर मात्र खाली मान घालून उभा राहायचा आणि रिकामी पाटी घेऊन घरी यायचा. मला तर त्याचा रागच येतो. अरे, बोल की बाबा! पण नाही बोलायचा. घरी त्याची बायको ठकूबाई कोंड्याची भाकरी थापायची, तीही एकच, आणि म्हणायची, "मला भूक न्हाई, तुम्ही खावा."

अशी बारा वर्षं गेली. तेराव्या वर्षी दगड्या आला.

दगड्या म्हणजे डुक्कर. पण कसलं डुक्कर! भाला लागला तर ठिणगी उडायची, असं म्हणतात. बैलाएवढा उंच, सुळे कोयत्यासारखे. आदल्या साली त्यानं पलीकडच्या गावाचं अर्धं पीक खाल्लं होतं. या साली तो चाळीस डुकरांचं खांड घेऊन आला आणि तीन दिवसांत वरची सगळी वरी संपवली. राहिली होती नाचणी. ती गेली असती तर गाव उठलंच असतं. खालच्या पेठेत जाऊन दुसऱ्याच्या दारात राबायचं, एवढंच नशिबात उरलं असतं. बायकांनी तर भांडी बांधायला घेतली होती.

हैबती पाटलानं सकाळीच शिंग फुंकलं. गाव वेशीवर जमलं. भाले आले, कुत्री आली. येसबा आला नाही.

पुन्हा शिंग फुंकलं. तरी नाही. तेव्हा पाटील तणतणत कुंभारवाड्यात गेला, आणि मागोमाग सगळं गाव. बघतात तर अंगणात मडकी भाजायचा आवा रचलेला. खाली लाकडं, वर शेण्या, त्यात दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी, रांजण, घागरी, वर्षाची सगळी कमाई. नुकताच पेटवलेला. येसबा आव्यापाशी उभा होता. भाला त्याच्या हातात होता, पण पाय उचलत नव्हता. आणि त्याच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून ठकूबाई उभी.

"येसबा, चल," पाटील म्हणाला. "गाव चाललं मातीत."

"ते येनार न्हाईत," ठकूबाई म्हणाली.

"तू बाजूला हो. हे बायकांचं काम न्हवं."

झालं! ठकूबाईचा पारा चढला. बारा वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. "कुणाचं काम न्हवं? पाटील, शिकार कोन करतं ठावं हाय का? मी करते! ह्ये भाला मारत्यात, आन् उपाशी मी ऱ्हाते. तुमची नाचणी वाचली की तुम्ही घरी जाऊन जेवता. आमची मडकी फुटत्यात, मग खळ्यावर तुम्हीच विचारता, मडकी कुठं हायती? मुंडकं दिलं, मुंडकं दिलं! मुंडक्यानं वरीस निघतं का? आज दिसभर ह्या आव्याला माणूस पायजे. जाळ एका अंगाला गेला तर दुसऱ्या अंगाची मडकी कच्ची, आन् जिथं जास्त झाला तिथं फुटली. हा आवा गेला तर आम्ही गावाच्या आधीच उठलो म्हना."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली, कारण खळ्यावर ते वाक्य प्रत्येकानंच कधी ना कधी म्हटलं होतं.

येसबा हळूच म्हणाला, "ठके, गाव जाईल गं."

"मग गावानं ठरवावं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात पसरलेलेच.

हैबती पाटील तापट होता, मानी होता, पण नीच नव्हता. तो लाजला. भर सभेत लाल झाला. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं, ठकूबाईच्या उंबऱ्यावर ठेवलं, धोतर खोचलं आणि आव्यापाशी जाऊन उकिडवा बसला. म्हणाला, "बाई, आमचं चुकलं. शिंग दुसऱ्या कुनाकडं द्या. मी आज आव्याला बसतो. काय करायचं, सांगा."

आणि मग गावात जे झालं, ते आधी कधी झालं नव्हतं. पाटील बसला म्हटल्यावर पाटलीणबाई कशी मागं राहील? ती माती तुडवायला उतरली. सुताराची बायको आली, न्हाव्याची आई आली, म्हातारेकोतारे आले. कुणी वाळलेल्या मडक्यांना ऊन-सावली करायला लागलं, कुणी शेण्या आणल्या. एका म्हाताऱ्यानं हौसेनं चाकावर गोळा ठेवला आणि त्याचं असं काही वेडंबिद्रं तयार झालं, की त्याला घागर म्हणावं की टोपडं, कळेना. ठकूबाई मधोमध उभी राहून एकेकाला झापत होती. "पाटील, तिकडं जाळ फुटतोय, राख टाका! हाताला चटका बसला? बसू द्या! आमाला रोज बसतो!" पाटलाची मिशी एका बाजूनं जळाली, पण तो उठला नाही.

येसबानं हे सगळं डोळे भरून बघितलं. बारा वर्षं तो शिकारीला गेला होता, पण अर्धा जीव घरी वाळणाऱ्या मडक्यांत ठेवून. त्या दिवशी पहिल्यांदा तो सगळाच्या सगळा गेला.

डोंगराच्या पायथ्याशी त्यानं थापी काढली आणि खडकावर आपटली. असं म्हणतात, की अख्खा डोंगर पक्क्या रांजणासारखा खणखणला. पलीकडच्या सात गावांत बायका दारात आल्या, कुणी घंटा वाजवली म्हणून. येसबानं कान टेकवला. "दगड्या कड्याखालच्या घळीत झोपलाय. खांड त्याच्या मागं हाय. हाकारा वरनं घ्या."

हाकारा सुटला. चाळीस डुकरं फुटून दरीपलीकडं पळाली, ती परत आली नाहीत. दगड्या मात्र पळाला नाही. तो घळीतून बाहेर आला आणि सरळ येसबाकडं निघाला. पहिला भाला लागला आणि मोडला. दुसऱ्या माणसाचा भाला लागला, तोही मोडला. येसबाच्या हातात अर्धा भाला आणि थापी राहिली.

कुणीही पळालं असतं. मी तर पहिला! पण येसबा मागं मागं सरकत थापीनं जमीन वाजवत होता. ठण, ठण, ठण. आणि एका जागी बद्द वाजलं. तडा गेलेल्या मडक्यासारखं. येसबाला कळलं, इथं खाली पोकळ आहे, वर नुसता पातळ पापुद्रा आहे. त्यानं लांब उडी मारून ती जागा ओलांडली, पलीकडं घट्ट उभा राहिला आणि ओरडला, "ये रं दगड्या! तुला भाजून काढतो!"

दगड्या आला. त्या जागेवर त्याचे चारही पाय पडले आणि जमीन धाडकन खाली गेली. दगड्या गळ्यापर्यंत रुतला. येसबा हलला नाही. दगड्या आता हाताच्या अंतरावर होता. अर्ध्या भाल्यानं त्यानं एकच वार केला, कानामागं, जिथं कातडं पातळ असतं. डोंगर हादरला, आणि सगळं शांत झालं. त्या खड्ड्यातून पाण्याचा झरा फुटला. त्याला आपण आजही थापीचं पाणी म्हणतो आणि तो उन्हाळ्यात आटत नाही.

संध्याकाळी ढोल वाजवत गाव परतलं. बावीस माणसांनी दगड्याला खांद्यावर आणलं. कुंभारवाड्यात आवा सगळ्या अंगानं सारखा लाल झाला होता, आणि त्याच्यापुढं काळ्याठिक्कर तोंडाचा, अर्ध्या मिशीचा पाटील बसला होता. लोक त्याला बघून इतके हसले, की तोही हसायला लागला.

मग वाटे पडले. हळदीकुंकू लावून मुंडक्याची टोपली येसबाच्या पुढं ठेवली. येसबानं ती उचलली आणि ठकूबाईच्या पायापाशी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तो गावासमोर मोठ्यानं बोलला. "पहिला भाला हिचा," तो म्हणाला. गावानं असा जल्लोष केला, की झाडावरची पाखरं उठली. ठकूबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती रडली. बारा वर्षं रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली.

तिसऱ्या दिवशी आवा उघडला. एकही मडकं फुटलेलं नव्हतं, असं म्हणतात. त्या साली खळ्यावर येसबाला पाटी पुरली नाही, गाढवं न्यावी लागली. आणि पाटलानं गावाला सांगितलं, की इथून पुढं जो गावासाठी काम टाकून जाईल, त्याचं काम गाव करील. त्याला मागायला लावायचं नाही.

येसबा खूप म्हातारा झाला. एके सकाळी तो थापी घेऊन डोंगरावर गेला, खडकावर कान टेकवला आणि सोबतच्या गुराख्याला म्हणाला, "आत कुणीतरी चाक फिरवतंय रं. हात कच्चा हाय त्याचा. जरा दाखवून येतो." गुराख्यानं गुरं वळवून मागं बघितलं तर खडकावर कुणी नव्हतं. नुसती थापी होती. डोंगरातून अजून चाकाची घरघर ऐकू येते म्हणतात. मला येत नाही, पण मला तर तुमचं बोलणंही नीट ऐकू येत नाही.

आता शिकार राहिली नाही. कायदा आला, आणि बरंच झालं. भाले गंजून गेले, शिंग कुठं गेलं ते कुणाला ठाऊक नाही. पण पाटलानं घातलेली ती रीत राहिलीय, तिलाच आपण येसबाचा दिवस म्हणतो. कुणी आजाऱ्याला घेऊन दवाखान्यात गेला, कुणी शाळेच्या कौलांसाठी तालुक्याला गेला, की मागं त्याच्या गोठ्यातली धार निघते, त्याची भांगलण होते, त्याची चूल पेटते. केलं कुणी, ते सांगायचं नाही, अशी रीत आहे.

गेल्या साली ओढ्यावरचा साकव वाहून गेला. आपली मालन, एकटी बाई, गावाच्या वतीनं तालुक्याला गेली आणि साकव मंजूर करून घेईपर्यंत पाच दिवस तिथंच बसली. ऐन लावणीचे दिवस. रोपं तरव्याच्या वाफ्यात पिवळी पडत होती. येताना सगळ्या वाटेनं तिच्या मनात तेच, की गावाचा साकव झाला पण माझं वर्ष गेलं. ओढ्यापाशी आली आणि आपल्या शेताच्या बांधावरच थांबली. सगळी नाचणी लावून झालेली, पावसात हिरवीगार उभी. खाली ओढ्यात चारपाच बाया चिखलाचे पाय धूत होत्या.

"कुणी लावली गं?" मालननं विचारलं.

बायांनी वर बघितलंसुद्धा नाही. एक म्हणाली, "येसबानं."