भैरूचे नवे टायर

करंजवडीला भैरू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं सगळं ऐकायचा. पंचाईत तिथंच होती.

त्याच्या फटफटीचे टायर झिजून करवंटीसारखे गुळगुळीत झालेले. एकदा बायकोला, गोजराला, मागं बसवून निघाला आणि दोघं घसरून गटारात. गोजरा उठली, लुगडं झटकलं अन् थेट माहेरी गेली. तिथून निरोप आला, "नवे टायर घालाल, तेव्हाच न्यायला या."

भैरू नूरभाईच्या टायरच्या दुकानात गेला.

"गाडी कशी चालवता?" नूरभाईनं विचारलं.

"बसून."

"तसं नव्हं. टायर रस्ता बघून घ्यायचा असतो."

भैरू गेला, रस्ता बघून आला.

"कसा हाय?"

"लांब हाय."

नूरभाईनं कपाळाला हात लावला. "चिखल हाय का?"

"गुडघ्याएवढा."

मग नूरभाईनं खोल नक्षीचे टायर बसवले आणि बजावलं, "चिखलात हवा कमी करा. पकड येती."

सासुरवाडीच्या वाटेवर चिखल लागला. भैरूनं हवा कमी केली. पार संपेपर्यंत कमी केली. गाडी जी बसली ती उठेना. एका ट्रॅक्टरवाल्यानं ती ओढून काढली, पंपानं हवा भरून दिली आणि म्हणाला, "अवो, समदी सोडत्यात व्हय? टम्म फुगलेलं दिसलं, की जराशी सोडायची. जराशीच!"

"जराशीच," भैरू घोकत निघाला.

सासूनं जावयाला पुऱ्या वाढल्या. एकूण एक टम्म. भैरूनं प्रत्येक पुरीला बोटानं भोक पाडलं. स्वतःच्या ताटातल्या संपल्या, तेव्हा सासऱ्याच्या ताटाकडं वळला.

"अवो जावईबापू, हे काय?" सासू ओरडली.

"जराशीच सोडली, मामी."

गोजरानं डोळे वटारले. "फुगलेल्याला हात लावायचा नाही! बघून नुसतं 'वा' म्हणायचं."

जेवणं झाली. गोजरानं नवे टायर दाबून पाहिले, तिची खात्री पटली, दोघं निघाली. वेशीजवळ पंक्चरवाला होता. तो म्हणाला, "दोघं हाय, मागच्यात हवा वाढवा." यंत्राची नळी लावून तो चहा आणायला गेला.

टायर फुगायला लागला. भैरू म्हणाला, "वा!"

आणखी फुगला. "वा वा!"

"नळी काढा की!" गोजरा ओरडली.

"फुगलेल्याला हात लावायचा नाही," भैरू म्हणाला.

धडाम! टायरच्या चिंध्या झाल्या. पंक्चरवाला धावत आला. "फुगून फुटलेलं आता काय कामाचं? जिथनं आणलं तिथं न्या, बदलून मागा. आणि बदलायचं तर जोडीनं बदला."

गोजरा गाल फुगवून दगडावर बसली. भैरू बघत राहिला. थोड्या वेळानं तिचा राग असा फुटला, की झाडावरचे कावळे उडाले.

भैरूनं तिचा हात धरला आणि तिला माघारी सासऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं.

"मामा," तो अदबीनं म्हणाला, "ही आधी फुगली, मग फुटली. बदलून द्या."

सासऱ्याच्या हातातला तांब्या खाली पडला. गोजरानं कमरेवर हात ठेवले. "आबा, त्यापेक्षा हेच बदलून मिळत्यात का बघा!"

भैरूचा चेहरा उजळला.

"तेबी बघा, मामा. बदलायचं तर जोडीनंच!"