धोंडबाची बाभूळ

फार पूर्वी आफ्रिकेतल्या एका खडकाळ टेकडीवर धोंडबा नावाचा हायरॅक्स राहायचा. सशाएवढा, बिनशेपटीचा, गवतावर पोसलेला गुबगुबीत प्राणी. शेजारच्या कपारीत चिमाजी राहायचा. तोही हायरॅक्सच, पण झुडपी जातीचा, अंगाने सडपातळ, तोंडाने निमुळता. तो बाभळीवर चढून कोवळा पाला खायचा.

एका उन्हाळ्यात सगळे गवत करपले. धोंडबा म्हणाला, "चिमाजी, तुलाही चारच पाय, मलाही चारच. मग मीच का उपाशी मरू?"

"अरे, आपल्या जाती वेगळ्या. तुझं वजन फांदीला पेलायचं नाही."

धोंडबा ऐकतो कसला! तो चिमाजीच्या मागोमाग बाभळीवर चढला. धापा टाकत शेंड्याशी पोचला, तोच आभाळात गरुड दिसला. चिमाजीने किंचाळून इशारा दिला आणि सरसर उतरून कपार गाठली. धोंडबाला मात्र ना पुढे जाता येई, ना मागे. गरुड झेपावला आणि त्याच क्षणी फांदी कडकन मोडली. धोंडबा धप्पकन खाली आपटला आणि धडपडत कपारीत घुसला.

"लागलं का रे?" चिमाजीने घाबरून विचारले.

धोंडबा अंगातले काटे उपटत हसू लागला.

"मी कोण आहे ते मला नाही कळलं, पण त्या फांदीला बरोबर कळलं. आणि वेळेवर कळलं, म्हणून वाचलो!"