प्रसाद म्हणजे जेवण नव्हे

"म्हणजे आषाढापासून तू जेवलाच नाहीस?" माईंनी विचारलं.

"नाही, माई." वल्लभने हात जोडले. "मठात आल्यापासून मी फक्त प्रसाद घेतो."

मठ माईंचाच होता. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. सकाळी नदीवरून येताना घागर खाली ठेवून तो दोनदा मटकन बसला होता. ओट्यावरून त्यांनी ते पाहिलं होतं.

हा वल्लभ धारूरकर म्हणजे साधा माणूस नव्हे बरं का. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. त्याला शब्दात पकडायला जाल तर तुम्हीच अडकाल. चातुर्मासात एकही शब्द खोटा बोलायचा नाही, असं व्रत त्याने घेतलं होतं. व्रत निभावलंस तर इथे कायमचा राहा, असा माईंचा शब्द होता.

बोरवाडीचा मठ तो केवढा, पैनगंगेच्या काठी चार खोल्या, एक चिंच आणि दुपारची पंगत. पण वल्लभला दुसरं काही नकोच होतं. उभ्या आयुष्यात त्याला पहिल्यांदा इथे शांत झोप लागली होती.

आणि आता तेच हातचं जायची वेळ आली होती.

"रोहिणीचा फोन आला होता," माई म्हणाल्या.

रोहिणी ही त्याची थोरली बहीण, अकोल्याची. वल्लभला कॉलेजच्या वयापासून मधुमेह. प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिनची सुई टोचून घ्यावीच लागते, नाहीतर साखर चढते. भाऊ मठात निघाला तेव्हा तिने त्याच्या दंडावर साखर मोजणारी चकती चिकटवली आणि उजव्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. त्याशिवाय जाऊच देईना.

घड्याळ मोठं हुशार. हात पानावरून तोंडाकडे जाऊ लागला की त्याला कळतं. मग ते मनगटावर थरथरतं आणि विचारतं, 'जेवताय का?' हो म्हटलं की पुढचा प्रश्न, 'इन्सुलिन घेतलं का?' नाही म्हटलं की बिचारं गप्प बसतं. आणि हे सगळं तिकडे रोहिणीला मोबाइलवर दिसतं.

"काय म्हणाली ताई?"

"डाफरली माझ्यावर. म्हणाली, घड्याळ सांगतंय हा जेवत नाही, अन् साखर तर खाली यायचं नाव घेत नाही. माझ्या भावाला उपाशी मारता का? उद्या गाडी घेऊन येतेय तुला न्यायला."

वल्लभचा हात मनगटावरच्या घड्याळाकडे गेला.

"मी काय सांगू तिला?" माईंनी विचारलं.

"सांगा की मी एक शब्दही खोटा बोललेलो नाही." तो ताठ बसला. वर्गात बसायचा तसाच. "नैवेद्य दाखवल्याशिवाय मठात कोणाला काही वाढत नाहीत. नैवेद्य दाखवला की झाला तो प्रसाद. प्रसाद म्हणजे जेवण नव्हे. घड्याळ विचारतं, जेवताय का. मी नाही म्हणतो. यात खोटं कुठे आहे?"

"भाकरी किती खातोस?"

"...तीन."

"प्रसादाच्या?"

"हो."

"वर भात?"

"थोडा."

मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या भागाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळून बसल्या.

"अन् सुई?"

"रात्री झोपतानाची घेतो. न चुकता घेतो. दुसरी... ती जेवणाची आहे. जेवण असेल तर घ्यायची."

"वल्लभ."

माईंचा आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता. एवढ्यानेच त्याचं तर्कशास्त्र गळून पडलं.

"पंगतीत सदरा वर करून पोटाला टोचून घ्यायचं, माई?" तो म्हणाला. "चाळीस माणसं बसलेली असतात. आयुष्यभर लपूनछपून टोचत आलोय. लग्नकार्यात, सहलीत, कॉलेजात... संडासाची कडी लावून. लोक बघतात ना, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कीव येते. ती मला सोसत नाही. इथे तरी मी आजारी माणूस नव्हतो. इथे मी साधक होतो."

मग त्याने स्वतःला सावरलं. वादाची सवय जाते होय?

"आणि शेवटी ते यंत्र आहे, माई. त्याला हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय. तिथे ऐकायला आहेच कोण?"

माईंनी हात पुढे केला.

"सोड ते. दे इकडे."

वल्लभला काय आनंद झाला म्हणून सांगू. माईंना पटलं, ही कटकट एकदाची सुटली, असंच त्याला वाटलं. त्याने पट्टा भराभरा सोडला.

माईंनी घड्याळ घेतलं आणि स्वतःच्या उजव्या मनगटावर बांधलं.

"दुपारी माझ्या शेजारी बस," त्या म्हणाल्या.

आता माईंच्या शेजारी बसायला मिळणं म्हणजे मठात केवढा मान. वल्लभ सगळ्यांच्या आधी जाऊन बसला आणि कोण कोण बघतंय तेही त्याने हळूच पाहून घेतलं.

चिंचेखाली पानं मांडली. वाढप सुरू झालं. भागाबाई त्याच्यापाशी आल्या, तशा माई म्हणाल्या, "याला इतक्यात नको."

भागाबाई पुढे सरकल्या. वल्लभचं पान कोरं राहिलं.

देवाचं नाव घेऊन झालं. सगळ्यांनी हात घातला. माईंनी भाकरी मोडली, वरणात कालवली आणि त्या निवांत जेवू लागल्या. वल्लभच्या नाकात फोडणीचा वास शिरत होता. तो मांडीवर हात ठेवून बसून राहिला.

पाच-सहा घास झाले असतील नसतील, माईंच्या मनगटावर घड्याळ थरथरलं.

"काय विचारतंय रे हे? माझा चष्मा आत राहिलाय."

वल्लभने वाकून पाहिलं. "जेवताय का, विचारतंय."

"मग काय सांगू?"

वल्लभ मांडी बदलून बसला.

"तूच सांग बाबा. शास्त्र तुझं आहे. हे सगळं नैवेद्याचंच आहे. नाही म्हणू का?"

वल्लभने माईंची वरणाने माखलेली बोटं पाहिली. पानातली अर्धी भाकरी पाहिली.

"हो म्हणा," तो हळूच म्हणाला.

माईंनी डाव्या हाताच्या बोटाने दाबलं. घड्याळ पुन्हा थरथरलं.

"आता?"

"इन्सुलिन घेतलं का, असं..."

"घेतलं म्हणते."

"नका, माई." त्याच्या तोंडून निघून गेलं. "खोटं होईल ते."

माईंचं बोट घड्याळावर तसंच राहिलं.

"कोणाशी?" त्यांनी विचारलं. "तिथे तर कोणीच नाही म्हणालास."

घास हातात धरून माणसं माईंकडे बघत होती. माई वल्लभकडे बघत होत्या.

वल्लभ उठला आणि खोलीत गेला. इन्सुलिनचं पेन त्याच्या पिशवीत होतं. तिथेच टोचून घेता आलं असतं. दाराला कडी होती. कोणाला दिसलंही नसतं.

तो पेन घेऊन बाहेर आला आणि आपल्या पानावर बसला.

"किती खाणार ते आधी ठरवावं लागतं," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, त्यालाच ठाऊक. "दोन भाकरी. वाटीभर वरण. भात नको."

दंडावरची चकती किती साखर दाखवते ते त्याने माईंच्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मनाशी हिशोब केला, पेनची कळ फिरवली. सदरा वर केला. सुई गेली, आली.

समोर बसलेले वयस्कर सीतारामबुवा टक लावून बघत होते. सुई बाहेर आली तसे ते भागाबाईंना म्हणाले, "ताक आहे का?"

बस्स. एवढंच झालं. ज्याला तो जन्मभर भीत आला होता, ते एवढंसं निघालं. वल्लभला हसू येऊ लागलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही लपवायचं त्याला सुचलंच नाही.

"आता हो म्हणू का?" माईंनी विचारलं.

"म्हणा."

माईंनी दाबलं. घड्याळ शांत झालं.

"आता जरा थांबावं लागतं, माई. औषध लागू पडायला."

"थांबू की."

माईंनी पानावरचा हात मांडीवर घेतला. माई उठेपर्यंत पंगतीतून कोणी उठत नाही. झालं, ज्यांचं जेवून झालं होतं तेही बसून राहिले. कोणी कापसाचं बोलायला लागलं, कोणी सुनेच्या बाळंतपणाचं. चिंचेखाली मोठी छान सावली पडली होती. कोणालाच घाई नव्हती.

"ताईला काय सांगणार?" वल्लभने विचारलं.

"तिला काय सांगायचंय? येईल ती. बसव तिलाही पंगतीला."

"आणि माझं व्रत?" त्याने पेन खाली ठेवलं. "रोज खोटं बोललो, माई. आषाढापासून. शब्द होता तुमचा, व्रत निभावलं तरच... मग मी आता जाऊ का ताईबरोबर?"

माईंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि त्यावर ते बांधलं. पट्टा घट्ट नाही ना, ते बोट घालून पाहिलं.

मग त्यांनी चुलीकडे तोंड करून हाक मारली.

"भागाबाई, याला वाढा हो. नवीन आलाय आज."