पावडरचा डबा

"तीन वेळा सील बदललं, चाचा. पॅकिंगं नवी टाकली. आता आणखी काय बदलू?"

दस्तगीर मिस्त्री वाकून बघत होते. समोर क्लबच्या मैदानावरचं गवत कापायचं यंत्र उभं होतं आणि त्याच्या छोट्याशा इंजिनातून फरशीवर ऑइल ठिबकत होतं.

पस्तीस वर्षं झाली असतील. मिरजेत मिस्त्रींच्या गॅरेजशेजारी माझं सायकलचं दुकान होतं, पण मी बसायचो त्यांच्याच बाकावर. आता ते गॅरेज नाही, बाक नाही. रॉकेलचा वास मात्र अजून नाकात आहे.

विचारणारा जयपाल चौगुले, त्यांचाच चेला. आठ वर्षं हाताखाली शिकला. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्री त्याला म्हणाले, "तू कसलेलं गळतं. तुझा हात सैल आहे." ते त्याला असं झोंबलं की त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं गॅरेज टाकलं. 'इंजिन स्पेशालिस्ट' अशी ठसठशीत पाटीही लावली. सहा वर्षं तो इकडे फिरकला नाही. मिस्त्रींची बायको, आमच्या चाची, गेल्या, तेव्हासुद्धा नाही. मला त्याचा राग होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

"स्पेशालिस्ट, आज वाट चुकलास का?" मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"हिरवळीवर ऑइल सांडून पिवळे डाग पडलेत, चाचा. रविवारी कमिटी याला भंगारात काढणार. माळी काल माझ्यासमोर रडला." तो थांबला. "पहिला पाना मी याच इंजिनाला लावला होता. इथंच…"

"धू," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"इंजिन धू. रॉकेलनं. एक डाग राहता कामा नये."

जयपालनं कपाळाला आठ्या घातल्या, पण धुतलं. फडक्यानं कोरडं केलं. मिस्त्री आत गेले आणि पावडरचा डबा घेऊन आले. गुलाबाचं चित्र असलेला, कडा गंजलेला.

जयपालनं तो डबा ओळखला. मीही ओळखला. चाचींचा होता.

मिस्त्रींनी इंजिनावर पावडर भुरभुरवली. काळं इंजिन पांढरं झालं.

"दोरी ओढ."

इंजिन सुरू झालं. तापलं तसा गॅरेजभर चाचींचा वास पसरला…

मग पावडरीवर एक काळा ठिपका उमटला. जयपालचा हात सवयीनं फडक्याकडे गेला. मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. कुठून येतंय ते बघू दे."

ठिपका सीलजवळ होता. दुसरा तळाच्या पॅकिंगपाशी आला. तिसरा ऑइल मोजायच्या काडीखाली.

"हे तर सगळीकडूनच येतंय!" जयपाल हताश झाला. "कुठं कुठं बंद करू?"

"जिथून येतंय ते सोड. जिथून काहीच येत नाही तिथं बघ."

मिस्त्रींनी वरच्या झाकणावरची बारकी रबरी नळी ओढून काढली आणि जयपालचा अंगठा तिच्या तोंडावर ठेवला.

"काय लागतंय?"

"काही नाही."

"फुंकर?"

"नाही…" जयपालचा चेहरा उतरला. त्यानं इंजिन बंद केलं आणि गार व्हायची वाटही न बघता झाकण खोललं. बोटं भाजली, तरी थांबला नाही.

झाकणातलं श्वासाचं भोक लाल कंपाउंडनं बुजलेलं होतं. चालत्या इंजिनाच्या पोटातली हवा तिथून बाहेर पडते. ते बंद झालं की ती हवा मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलते. एवढं तर मला सायकलवाल्यालाही कळत होतं.

"चाचा, हे मीच थापलंय." त्याची मान खाली गेली. "प्रत्येक जोडाला थापतो. गळायला नको म्हणून."

"कधीपासून?"

जयपाल झाकण हातात नुसतं फिरवत राहिला.

"तू नाही थापलंस," मिस्त्री म्हणाले. "मी थापलं. सहा वर्षांमागं, चार माणसांसमोर."

मला कुठं बघावं कळेना. मी उगाच बाकाला टेकवलेल्या सायकलच्या चाकाची एक तार चाचपत बसलो.

जयपालनं टाचणीनं भोक कोरलं, झाकण बसवलं, नळी लावली. इंजिन पुन्हा धुतलं. पावडर या वेळी त्यानंच टाकली, अगदी जपून, कारण डब्यात थोडीच उरली होती. दोरी ओढली.

पाच मिनिटं गेली. दहा. पंधरा. सील तेच, पॅकिंगं तीच. पावडर पांढरीच राहिली.

"आत तुझं पातेलं आहे अजून," मिस्त्री म्हणाले. जयपाल जैन, म्हणून चाचींनी त्याच्यासाठी एक पातेलं वेगळं ठेवलं होतं. त्यात दुसरं काही कधी शिजू दिलं नाही. "चहा त्यातच टाकतो. बस."

जयपाल बसला नाही. पांढऱ्या इंजिनाकडे बघत उभा राहिला.

"चाची गेल्या त्या दिवशी मी आलो होतो, चाचा. कोपऱ्यापर्यंत… तिथूनच परत गेलो."

माझा सहा वर्षांचा राग कुठं गेला मला कळलं नाही.

इंजिन चालू होतं. जयपालचे डोळे भरले, आणि त्यानं घाईघाईनं खांद्यावरचं फडकं उचललं.

मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस."