वाळल्या भेंडीचा पाझर

वारणाकाठच्या आंबेरी गावी रानोबा महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. मठ नाही, गादी नाही. गुऱ्हाळापलीकडच्या बांधावर बाभळीखाली घोंगडं आणि पुढ्यात धुनी, एवढाच महाराजांचा संसार. गूळ शिजू लागला की त्याचा वास शिवारभर दरवळायचा. आता तसा वास कुठला यायला!

राही ही गावातली एकटी, विधवा बाई. तिच्या उसाच्या पट्टीतून एकच काहील, म्हणजे एका मोठ्या कढईपुरता, गूळ निघे आणि त्यावरच वर्षाची मीठमिरची चाले. तरीही महाराजांची सकाळची भाकरी तिने कधी चुकवली नाही.

त्या दिवशी गुऱ्हाळात तिच्या उसाची पाळी होती. काहिलीत रस तापू लागला, पण रसातला गाळ, म्हणजे मळी, वर आणायला ज्या रानभेंडीचं चिकट पाणी लागतं, ती रानभेंडीच मिळेना. बांधाबांधावरची सगळी झाडं वाळून गेलेली. शेवटची हिरवी मोळी होती गुऱ्हाळाचे मालक हैबती खोत यांच्याकडे.

"अण्णा, एक पेंडी द्या. मळी रसात मुरली तर काळा गूळ कोण घेईल?"

"आणि माझी काहील काय तुझ्या डोळ्यांच्या पाण्यानं निवळू? जा म्हातारे, तुझ्या महाराजांना सांग. भाकरी खात्यात, मळी बी काढतील की!"

माणसं हसली. राही रडवेली होऊन बांधाकडे धावली. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि धुनीच्या सरपणातून भेंडीचं एक वाळकं खोड ओढून तिच्या हाती दिलं.

"महाराज, या वाळक्यात चीक कुठला?"

महाराज म्हणाले, "तू भाकरी देतेस तेव्हा पीठ चाळलंस का, असं मी विचारतो? जा, रस उतू जाईल."

ती खोड घेऊन गुऱ्हाळात परतली. "मावशी, चुलवाणात घाला ते, जाळ तरी होईल!" काहिलीवर रस ढवळणारा गुळव्या म्हणाला. राहीने महाराजांचं नाव घेतलं, खोड ठेचलं, बादलीत चोळलं. आणि काय सांगावं! पाणी दाटलं, बोटांना तारा सुटल्या. अर्धी बादली काहिलीत पडताच मळी लोकरीसारखी वर आली. खाली रस मधासारखा नितळ!

मागोमाग खोतांची काहील उकळली. त्यांनी आपली हिरवी मोळी ठेचली, भिजवली. पाणी पाण्यासारखंच! पुन्हा ठेचली. एक तार सुटेना. खोतांचा चेहरा उतरला. आता हसायला कुणीच नव्हतं.

राहीने आपली अर्धी बादली उचलून त्यांच्यापुढे ठेवली. "घ्या अण्णा, उरलंय. लवकर ओता, नायतर मळी मुरंल."

संध्याकाळी खोत आपल्या पिवळ्याधमक गुळाची पहिली ढेप घेऊन महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"हैबतराव, मी दिलं ते सरपण होतं. तुम्हाला बादली कुणी दिली?"

खोत वळले. गुऱ्हाळाच्या दारात राही राखेने बादली घाशीत बसली होती. ढेप तिच्यापुढे ठेवून खोतांनी पागोटं उतरवलं.

"राहीअक्का, चुकलो," ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्यापुढे मातीला कपाळ टेकलं.